मोजेवाल्या कोंबडीची सात अंडी

कोंबडी ओली होती.

नुसती भिजलेली नाही, चिंब. पोटाखालची पिसं एकमेकांना चिकटलेली, शेपटी लोंबलेली, आणि एवढं होऊनही तोरा मात्र तसाच. उज्ज्वलाने हात पुढे केला तशी तिने मान लांब करून टोच मारली.

"आई गं, चावते की रे ही."

"चावत न्हाई, शिकवती," सिदू म्हणाला. "म्हणून तर तिचं नाव मास्तरीण ठेवलंय."

उज्ज्वला नुकतीच गेवराईच्या एसटीतून चकलांब्याला उतरली होती. दिवाळीची सुट्टी लागली की ती मामाकडे येते, हे ठरलेलं. पण यंदा मामेभावाने तिला घोटभर पाणीसुद्धा पिऊ दिलं नव्हतं. पाठीवरची पिशवी पाठीवरच, आणि सिदूने तिला ओढत आणलं ते थेट शेजारच्या बबनरावांच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे.

"इकडे पाऊस झाला का?" तिने विचारलं.

"दिवाळीच्या तोंडावर? आभाळात एक तरी ढग दाखव मला. काल पण अशीच ओली होती. परवा पण. बरोबर दुपारी."

उज्ज्वलाने मास्तरिणीच्या पोटाखाली हळूच हात सरकवला. अंडी कोमट होती. गरम असायला हवी होती, आणि होती फक्त कोमट.

आता या अंड्यांची हकीकत सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका ओल्या कोंबडीचं कसलं एवढं कौतुक. तर ही अंडी मास्तरिणीची नव्हतीच. ती होती बायडाआजीच्या मोजेवालीची. बायडाआजी म्हणजे सिदूच्या वडिलांची मावशी. वर्षातले आठ महिने ती मेंढरं घेऊन गावोगाव फिरते. घोड्याच्या पाठीवर तिचं बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडावर कोंबड्या. त्यातल्या एका जातीच्या पायांवर पार बोटांपर्यंत पिसं, अगदी मोजे घातल्यासारखी. आजीच्या सासूपासून चालत आलेली जात. तशी कोंबडी दुसऱ्या कुणाकडे आजीने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. काही रोगाने गेल्या, काही मुंगसाने नेल्या, आणि उरलेली शेवटची चौसाळ्याजवळ रस्त्याकडेला कुत्र्यांनी धरली. मागे राहिली तिची सात अंडी.

आजीकडच्या बाकीच्या कोंबड्यांत एकही खुडूक नव्हती. खुडूक म्हणजे अंडी द्यायचं बंद करून, पिसं फुगवून, 'आता मी बसणार म्हणजे बसणार' असा हट्ट धरलेली कोंबडी. अख्ख्या गल्लीत तशी एकच निघाली, बबनरावांच्या घरची मास्तरीण. जागा हलवली की खुडूक कोंबडी बिथरते, म्हणून अंडीच तिच्याकडे नेली. बबनरावांच्या पत्नी छबुबाई लगेच हो म्हणाल्या. वर एवढंच म्हणाल्या, "यांच्या कानावर घालू नका बरं. सध्या यांच्या डोक्यात निवडणूक हाय. कोंबडीचा विषय काढला तरी अर्धा तास भाषण ऐकावं लागंल."

आजीची मेंढरं बावीस दिवस गावाबाहेरच्या शेतांत खतासाठी बसणार होती, मग ती पुढे निघणार. आणि तिने फोनवर उज्ज्वलाला सांगितलं होतं, "उजे, गेल्या उन्हाळ्यात तू अकराची अकरा पिलं काढलीस. तू येईस्तोवर सिदू बघंल, मग तुझ्या हवाली. हीच सात हायत बघ. पुन्हा न्हाईत."

"आजी, मी आहे ना," उज्ज्वला म्हणाली होती. फोनवर म्हणायला काय जातं? आता ती सातही अंडी समोर होती, बसवून सहावा दिवस होता, आणि कोंबडी ओली होती.

"संशयित क्रमांक एक, म्हैस," गंजीवरून आवाज आला.

उज्ज्वला दचकली. वर कडब्यात पाय पसरून प्रियदर्शनी बसली होती. बबनरावांची मुलगी, आठवीतली, बीडला वसतिगृहात शिकणारी. हातात वही, कानावर पेन्सिल.

"म्हैस शेपटीने पाणी उडवते," ती म्हणाली. "क्रमांक दोन, घूस. क्रमांक तीन, सिदू."

"मी कावून?" सिदू उखडला.

"तू सगळ्यात आधी ओली कोंबडी पाहिलीस. जो आधी पाहतो त्याच्यावर संशय घ्यायचा असतो."

"मग वहीत तू पण ये. दुसरी तू पाहिलीस."

उज्ज्वलाचं या दोघांकडे लक्ष नव्हतं. तिने मास्तरिणीला टोच लागणार नाही अशी पाठीमागून उचलली आणि नीट निरखली. पाठ जवळजवळ कोरडी. पोट आणि मांड्या निथळत होत्या. आणि एका पायाच्या नखात हिरवं काहीतरी अडकलं होतं.

"शेवाळ," ती म्हणाली. "म्हशीने उडवलं असतं तर पाठ भिजली असती. हिला कुणीतरी खालून बुडवलंय. हौदात."

प्रियदर्शनीने वहीतली तिन्ही नावं खोडली. सिदूचं नाव तिने जरा रेंगाळत खोडलं, हे सिदूच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशीही दुपारी कोंबडी ओली. तिसऱ्या दिवशीही. मास्तरीण दिवसातून एकदा, उन्हं तापली की, उठते. दाणे टिपते, मातीत लोळते आणि अर्ध्या तासात परत येऊन बसते. खुडूक कोंबडी एवढीच सुट्टी घेते. तेवढ्या वेळात कुणीतरी डाव साधत होतं. पण त्याच वेळी मुलांना जेवायला हाका यायच्या, आणि सिदूची आई ताराबाई हाक मारते तेव्हा उशीर करून चालत नाही.

तिसऱ्या दिवशी उज्ज्वलाला राहवेना. अंडी आत जिवंत तरी आहेत का? प्रियदर्शनीने आईचा मोबाइल आणला. सिदूने कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची नळी केली. तिघांनी डोक्यावरून मामाची घोंगडी घेतली, आत काळोख केला, आणि उज्ज्वलाने नळीच्या टोकावर पहिलं अंडं धरलं. खालून टॉर्च लागला.

अंडं आतून लालसर उजळलं. मध्ये एक काळा ठिपका, आणि त्याच्यापासून चारी बाजूंना फुटलेल्या बारीक लाल रेषा. ठिपका हलला.

"हललं," सिदू कुजबुजला. "उजे, आतलं हललं."

उज्ज्वलाने एकेक करून सगळी अंडी नळीवर धरली. सहा अंड्यांत तो ठिपका होता. सातवं मात्र सगळीकडून सारखंच पिवळं, आत काही नाही. ते तिने बाजूला ठेवलं. "सहा आहेत," ती म्हणाली. "पण रोज अशी गार पडली तर सहाचं काय होईल सांगता येत नाही."

चौथ्या दिवशी मास्तरीण परत आली ती मान झटकत. नाकपुडीतून आरपार तिचंच एक पीस अडकवलेलं होतं. रेड्याच्या वेसणीसारखं. सिदूने तिला काखेत मारून थेट घर गाठलं.

"अगं बया," ताराबाई हातातली करंजी खाली ठेवत म्हणाली. तिने अलगद पीस काढलं, नाकाला हळद लावली. "कुणी केलं हे? खुडूक मोडायची रीत हाय ही."

"खुडूक मोडायची?" उज्ज्वलाने विचारलं.

"हां. कोंबडी खुडूक झाली की अंडी बंद. मग काही माणसं तिला पान्यात बुचकळत्यात, न्हाईतर नाकात पीस घालत्यात. बसायचा कट्टाळा येतो तिला, आन् पुन्हा अंडी द्याया लागती. लई आडदांड रीत. मी न्हाई करत."

"म्हणजे कोंबडीला कुणी छळत नाहीये," उज्ज्वला सावकाश म्हणाली. "कुणाला तरी तिचं अंडं पाहिजे."

"पण आमच्या घरात अंडं कोण खाणार?" प्रियदर्शनी म्हणाली. "आई सगळी अंडी शेजारी वाटते. पप्पांचा तर चातुर्मास चाललाय."

हे तर चकलांब्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बबनरावांनी आषाढातच देवळाच्या लाउडस्पीकरवरून जाहीर केलं होतं की कार्तिकी एकादशीपर्यंत अंडं-मटण तर सोडाच, आपण कांद्या-वांग्यालाही शिवणार नाही. गावाने टाळ्या वाजवल्या होत्या.

प्रियदर्शनी कानावरची पेन्सिल काढून चावायला लागली.

"पप्पा रोज पहाटे गोठ्यात जातात," ती म्हणाली. "गाईच्या पाया पडायला. आणि येताना ओठ पुसत येतात."

"गाईच्या पाया पडल्यावर ओठ कावून पुसायचे?" सिदूने विचारलं.

"मास्तरीण गोठ्यातल्या घमेल्यात अंडं घालायची," प्रियदर्शनी पुढे म्हणाली. "आई म्हणायची, घुशी नेतात. आणि पप्पा भाषणाच्या आधी नेहमी सांगायचे, आवाजाला कच्च्या गावरान अंड्यासारखं औषध नाही. मास्तरीण खुडूक झाल्यापासून पप्पांचा आवाज बसलाय."

"कोंबडी बसली, तसा आवाज पण बसला," सिदू म्हणाला, आणि ताराबाईने पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

"मग सरळ काकांना सांगू या," उज्ज्वला म्हणाली.

"काय सांगणार? पप्पा म्हणतील, मी अंड्याला हात लावत नाही. आणि कडब्यामागे सहा अंडी आहेत हे कळलं तर..."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सहा दिवसांत फस्त," सिदू म्हणाला.

"आणि एक सांगते," प्रियदर्शनी वही मिटत म्हणाली. "माझे पप्पा आहेत. गावात त्यांचं हसं झालेलं मला चालणार नाही."

उज्ज्वलाने मान डोलावली. "होऊ द्यायचं नाही. आधी डोळ्यांनी तर बघू."

पाचव्या दिवशी तिघांनी सकाळीच पोटभर जेवून घेतलं आणि दुपारी गंजीवर पालथे पडून राहिले. कडब्याची कुसळं सगळीकडे टोचत होती. मास्तरीण उठली, अंग झटकून बाहेर पडली. छबुबाई आत झोपल्या होत्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात बबनराव आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात काळा चष्मा, एका हातात भाषणाचा कागद. दुसऱ्या हातातले चार ज्वारीचे दाणे पुढे करत ते दबल्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "या बाईसाहेब, या."

मास्तरीण भोळी. ती आली. बबनरावांनी तिला पकडली, हौदाकडे नेली आणि पोटापर्यंत बुडवली. "एक. दोन. तीन." मग तिला डोळ्यांसमोर धरून ते म्हणाले, "अंडं मागितलं तर फुगून बसती. शिस्त नावाची चीज हाय का न्हाई तुमच्यात? परवा चौकात सभा हाय माझी, आन् घशातनं शब्द फुटंना. माणसानं बोलायचं कसं?"

प्रियदर्शनीने कडब्यात तोंड खुपसलं. ती रडतेय की हसतेय, उज्ज्वलाला कळेना. दोन्ही असावं.

रोज इथवरच व्हायचं. त्या दिवशी मात्र बबनरावांनी कोंबडी सोडली नाही. तिच्यावर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलं, वर दगड ठेवला. "आज संध्याकाळपर्यंत नजरकैद," असं बजावून ते शेजारच्या बाजेवर आडवे झाले आणि भाषणाचा कागद तोंडावर घेतला.

संध्याकाळपर्यंत! संध्याकाळपर्यंत अंडी दगडासारखी गार पडली असती.

"घोंगडी," ती सिदूच्या कानात म्हणाली. "भिंतीवर उन्हात टाकलीय ना? तीच आण. पळ."

सिदू गंजीच्या मागल्या बाजूने घसरला आणि गेला तसाच आला. दुपारभर उन्हात तापलेली घोंगडी हाताला चांगली ऊन लागत होती. उज्ज्वलाने सहाही अंडी तिच्या घडीत ठेवली, ती घडी मांडीवर घेतली आणि पोटाशी धरून बसली. दर थोड्या वेळाने ती एक अंडं काढून पापणीला लावायची. ताराबाई तशीच बघते. पापणीला गार लागलं की अंडं गारठलं. आता तिला हलता येत नव्हतं, शिंकता येत नव्हतं, आणि कडब्याचं एक कुसळ नेमकं नाकापाशी होतं.

"मास्तरिणीला आणायला पाहिजे," ती पुटपुटली. "घोंगडी काही संध्याकाळपर्यंत पुरणार नाही."

"डालं रिकामं दिसलं तर पप्पा शोधत इकडे येतील," प्रियदर्शनी म्हणाली.

सिदूने डोकं खाजवलं. "रिकामं कावून ठेवायचं? आमची तांबडी दिसायला डिट्टो मास्तरीणच हाय."

बाजेवरून घोरणं सुरू झालं आणि कागद वरखाली उडायला लागला, तसा सिदू काखेत तांबडी घेऊन रांगत निघाला. त्याने आधी दगड उचलला. मग अंगातला सदरा काढून डाल्याखाली सरकवला आणि मास्तरिणीच्या डोक्यावर टाकला. अंधार झाला की कोंबडी ओरडत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको. एक बाहेर, दुसरी आत, दगड वर. मध्येच बबनराव झोपेत म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो," आणि सिदू जागच्या जागी थिजला. पुढे पुन्हा घोरणंच आलं.

प्रियदर्शनीने मास्तरिणीचं पोट आपल्या ओढणीने खसाखसा पुसलं. मास्तरिणीने तिलाही दोन टोचा दिल्या आणि अंड्यांवर जाऊन अशी पसरली की पुन्हा उठायचं नावच नको. उज्ज्वलाने तेव्हा कुठे श्वास सोडला.

पण खरी गंमत पुढेच होती. उन्हं कलली, बबनराव उठले, डोळे चोळत त्यांनी डालं उचललं, आणि बघतच राहिले. आत तांबडी उभी होती आणि तिच्या पायाशी एक अंडं होतं.

त्याचं काय झालं, तांबडीने त्या दिवशी अंडं घातलंच नव्हतं. कैदेत बसल्या बसल्या तिने ते उरकून घेतलं. बबनरावांना हे कुठलं कळायला? त्यांनी आभाळाकडे बघून हात जोडले. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, अंडं खांबावर टिचवलं आणि मान मागे टाकून गटकन प्यायले. ओठ पुसले.

"बाईसाहेब," ते तांबडीला म्हणाले, "आता तुम्हाला कुणी हात लावणार न्हाई. फक्त रोजचं रोज एवढी सेवा करा."

गंजीवर तीन डोकी एकमेकांजवळ आली. उज्ज्वलाचे डोळे चमकत होते.

"उद्यापासून," ती म्हणाली, "काकांना रोज पहाटे घमेल्यात एक अंडं मिळायला पाहिजे. मग ते मास्तरिणीकडे ढुंकून बघणार नाहीत."

ताराबाईने रोज एक अंडं द्यायचं कबूल केलं. प्रियदर्शनी अंधार फिटायच्या आत ते घमेल्यात ठेवायची. मास्तरिणीचं दाणापाणी सिदू कडब्यामागे पोहोचवायचा आणि तिला पाय मोकळे करायला आपल्या परसात न्यायचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याने गोठ्याच्या आसपास एक फटाका वाजू दिला नाही. स्वतःचेही त्याने पार वेशीपलीकडे नेऊन उडवले, आणि याचा त्याला किती त्रास झाला हे तो अजून सांगतो.

एकदा पंचाईत झाली. ताराबाईच्या दोन्ही कोंबड्यांनी दांडी मारली. सिदूने दुकानातून अंडं आणलं, तर ते पांढरंफटक. प्रियदर्शनीने ते रात्रभर चहाच्या पाण्यात ठेवलं. सकाळी छान बदामी रंग चढला होता. बबनराव ते प्यायले आणि ओठ पुसून गाईला म्हणाले, "गावरान ते गावरान. दुकानाच्या अंड्याला ही चव हाय का?" गंजीमागे सिदूने स्वतःच्या तोंडात बोळा कोंबून घेतला होता.

विसाव्या दिवशी संध्याकाळी उज्ज्वलाने एक अंडं कानाला लावलं. आतून टक टक आलं, आणि पाठोपाठ बारीक चिवचिव. एकविसाव्या दिवशी दिवसभर ती तिथून हलली नाही. पहिल्या अंड्याला तडा गेला, भोक पडलं, भोकातून इवलीशी चोच आली. पिलू ओलं, लडबडलेलं, मान टाकून पडलं. उज्ज्वला श्वास रोखून फक्त त्याचे पाय बघत होती. ते वाळलं, फुललं, आणि बोटांवरसुद्धा मऊ पिवळी लव उभी राहिली.

"मोजे," ती म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

पाच पिलं निघाली. सहावं अंडं फुटलंच नाही. त्या ओल्या दुपारींनी ते गेलं, हे तिला कळत होतं, आणि ती त्या रात्री नीट जेवली नाही.

बाविसाव्या दिवशी बायडाआजी पिलं न्यायला आली. नेमकी त्याच सकाळी बबनरावांच्या अंगणात बैठक होती. पन्नासेक माणसं, सतरंज्या, माइक. अंड्यांनी म्हणा की आनंदाने म्हणा, बबनरावांचा आवाज खणखणीत लागला होता. एकादशी दोन दिवसांवर होती आणि ते संयमावर बोलत होते.

मुलांचा बेत साधा होता: मागच्या दाराने मास्तरीण आणि पिलं ताराबाईच्या परसात न्यायची, आजीच्या ओटीत घालायची, संपलं. पण मास्तरीण दीड दिवसाची उपाशी होती आणि तिला अंगणातल्या सतरंजीवर सांडलेले चिवड्याचे पोहे दिसले. सिदूच्या हातातून निसटून ती सरळ सभेत शिरली. मागे पाच पिलं, पायांत मोजे घालून, तुरुतुरु.

सभा संपल्यातच जमा होती. सगळे वाकून पिलांचे पाय बघायला लागले. गलका ऐकून ताराबाईच्या परसातून बायडाआजीही आली. छबुबाईंना कौतुक आवरेना. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "बायडामावशीच्या मोजेवालीची जात हाय ही. हीच शेवटची अंडी व्हती. आमच्या कोंबडीनं एकवीस दिवस बैठक मोडली न्हाई. एकवीस दिवसांत एक अंडं घातलं न्हाई बिचारीनं."

"असं कसं?" बबनराव माइकवरच म्हणाले. "रोज सकाळी अंडं असतंय की घमेल्यात."

प्रियदर्शनीने डोळे मिटून घेतले.

छबुबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "तुमाला कसं ठावं?"

बबनरावांनी माइककडे पाहिलं. मग कोंबडीकडे. मग गाईकडे, ती तरी काही मदत करेल म्हणून. बायकांच्या बाजूने पहिलं हसू फुटलं आणि मग सगळं अंगणच हसायला लागलं.

प्रियदर्शनी पुढे जाऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली. "पप्पांना अंड्यांचं माहीत नव्हतं," ती माइकमध्ये म्हणाली. "आम्हीच लपवलं होतं. घमेल्यातली अंडीसुद्धा आम्हीच ठेवत होतो."

बबनराव लेकीकडे बघत राहिले. मग त्यांनी काळा चष्मा खिशातून काढला, घालावा की नाही ते कळेना म्हणून परत ठेवला, आणि म्हणाले, "मंडळी, आता लपवून काय करू? आवाजासाठी चातुर्मासात अंडी प्यालो. खुडूक मोडावी म्हणून या कोंबडीला आठवडाभर हौदात बुचकळली. तिच्याखाली काय हाय ते मी बघितलंबी न्हाई." ते माइक सोडून पुढे आले आणि बायडाआजीपुढे हात जोडून उभे राहिले. "मावशी, तुमची जात माझ्या हातून बुडाली असती. या पोरांनी वाचवली. माझं चुकलं."

या बोलण्याला ज्या टाळ्या पडल्या, तशा संयमावरच्या भाषणाला पडल्या नव्हत्या. "पण घमेल्यात यायचं कुणाच्या कोंबडीचं?" बबनरावांनी मुलांना हळूच विचारलं.

"आमच्या तांबडीचं," सिदू म्हणाला. "आन् एक दिवस दुकानातलं. चहात बुडवलेलं."

"चव तर गावरान व्हती," बबनराव पुटपुटले, आणि छबुबाईंनी कपाळावर हात मारला.

बायडाआजी खाली बसून एकेक पिलू तळहातावर घेत होती, अंगठ्याने पायावरची लव उलटी फिरवून बघत होती आणि खाली सोडत होती. पाचवं पिलू तिने बराच वेळ धरून ठेवलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

उज्ज्वला तिच्याजवळ जाऊन बसली. "आजी, सात होती. मला पाचच काढता आली."

"पाचच म्हणं," आजी म्हणाली. "येडी का खुळी तू? माझ्या हिशोबानं एकबी उरलं नव्हतं." तिने दोन्ही हातांनी उज्ज्वलाचा चेहरा कुरवाळला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग सिदूवरून, मग प्रियदर्शनीवरून. सिदू लाजून लाल झाला.

"पिलांसाठी टोपली आणू?" उज्ज्वलाने विचारलं. "घोड्यावर बांधायला."

आजीने मान हलवली. "न्हाई बांधायची. अख्खी जात एका घोड्यावर घेऊन हिंडले, तितंच चुकले मी. कुत्र्यांनी एका दुपारी कारभार आटपला. ही हितंच वाढू देत, तुमच्या तिघांच्या हाताखाली. मोठी झाली की एक जोडी मी नेईन, एक तू गेवराईला ने."

"पण आजी, या तर तुझ्या आहेत."

"माझ्याच हायत," आजी म्हणाली. "म्हणून तर सांभाळणाऱ्यापाशी ठेवती."

ती उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या घोड्याकडे निघाली. मेंढरं केव्हाच वाटेला लागली होती. उज्ज्वला तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आली आणि पिलांना पाणी द्यायला बसली.